संग्रहालयाच्या तिकिटातली सवलत: ठाणे आणि नवी मुंबईच्या शिक्षकांसाठी, कुटुंबांसाठी

‘मी शिक्षिका आहे, काही सवलत मिळेल का?’ तिकीट खिडकीवर हा प्रश्न विचारणाऱ्या बऱ्याच जणांना ‘नाही’ असं उत्तर मिळतं आणि ते पूर्ण दराचं तिकीट काढून आत जातात. यात खिडकीतल्या माणसाचा दोष नसतो. त्याच्यासमोर दरपत्रक असतं आणि त्यात रकाने असतात: प्रौढ, अमुक वयापर्यंतची मुलं, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, शाळेचा गट, परदेशी पाहुणे. ‘शिक्षक’ असा स्वतंत्र रकाना फार थोड्या ठिकाणी सापडतो. शिक्षकाला सवलत मिळते ती बहुतेक वेळा शाळेच्या गटामुळे, आणि कुटुंबाला मिळते ती मुलांच्या वयामुळे. म्हणून आधी आपण कोणत्या रकान्यात बसतो ते ठरवायचं, त्या रकान्याचा कागद पिशवीत टाकायचा आणि मगच घराबाहेर पडायचं. खिडकीपाशी पोहोचल्यावर कागद गोळा करता येत नाहीत.

निघण्याच्या आठवडाभर आधी

दर बघायचे ते संस्थेच्या स्वतःच्या वेबसाईटवर. फिरस्त्यांच्या साईटवर आणि नकाशाच्या अ‍ॅपवर दिसणारे दर अनेकदा चार-पाच वर्षांपूर्वीचे असतात. त्यांच्यावर विसंबून चाळीस मुलांकडून पैसे गोळा केले, तर फरक शिक्षकाच्या खिशातून जातो. वेबसाईट बघून झाली की कामाच्या दिवशी दुपारी एक फोन करा आणि एवढं विचारून घ्या:

१. किती वयापर्यंत प्रवेश मोफत आहे आणि मुलांचा दर किती वयापर्यंत लागू होतो? ‘१५ पर्यंत’ म्हणजे १५ पूर्ण झालेलं मूल धरतात की नाही?
२. शाळेच्या गटाचा दर मिळायला किमान किती मुलं लागतात आणि किती दिवस आधी कळवावं लागतं?
३. गटासोबतच्या शिक्षकांपैकी किती जणांना तिकीट माफ आहे?
४. मोबाईलने फोटो काढायला वेगळे पैसे आहेत का?
५. पत्र कोणाच्या नावे आणि कोणत्या ईमेलवर पाठवायचं?

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. प्रत्येक ठिकाणचं गणित वेगळं असतं. समजा वीस मुलांमागे एका शिक्षकाला माफी आहे आणि तुम्ही चाळीस मुलांमागे पाच शिक्षक नेताय, तर तिघांचं तिकीट प्रौढ दराने काढावं लागेल. ते सहलीच्या हिशेबात आधीच धरा.

वारही त्याच फोनवर पक्का करा. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. तिच्याच आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात, त्यामुळे सुट्टीनंतरच्या गुरुवारी गेलेले लोक गेटवरून परत येतात. घारापुरी, कान्हेरी आणि फोर्टमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला आठवड्याची सुट्टी नाही, पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ते बंद असतं. हे चारही दिवस शाळांना सुट्टी असते आणि कुटुंबं नेमकी तेव्हाच बाहेर पडतात.

कुटुंबासाठी: वय हीच सवलत

सगळ्यात सोपा हिशेब भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांचा. भारतीयांसाठी घारापुरीचं तिकीट ४० रुपये. कान्हेरी, कार्ले अशा ठिकाणी २५ रुपये. ऑनलाइन किंवा क्यूआर कोडवरून काढलं तर प्रत्येकी पाच रुपये कमी. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच नाही. म्हणजे आई-वडील आणि शाळकरी दोन मुलं घारापुरीची लेणी ७० ते ८० रुपयांत बघू शकतात. मोठा खर्च गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या बोटीचा असतो आणि बोटीच्या तिकिटाचे वयाचे टप्पे वेगळे असतात. पुरातत्त्व खात्याची सवलत बोटवाल्याला लागू नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

कान्हेरीला दोन तिकिटं लागतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरताना वनखात्याचं आणि लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं. दुसऱ्यात मुलं मोफत असली तरी पहिल्याचे नियम स्वतंत्र. ठाण्याच्या लोकांना वाटतं की उद्यान आपल्या दाराशीच आहे, येऊरहून आत जाता येईल. तसं जाता येत नाही. बोरिवलीच्या दारातूनच जावं लागतं. घोडबंदर रस्त्याच्या बसने बोरिवली गाठायला निदान दीड तास धरा.

राणीच्या बागेत खरंखुरं ‘कुटुंब तिकीट’ आहे. २०१७ मध्ये ठरलेल्या दरांत प्रौढाला ५०, मुलाला २५ आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौघांना मिळून १०० रुपये आहेत. सुटी तिकिटं काढली तर याच चौघांचे १५० होतात. पण हे तिकीट प्रत्येक कुटुंबाच्या फायद्याचं नाही. आई एकटीच दोन मुलांना घेऊन गेली तर सुट्या तिकिटांचेही शंभरच होतात. आजी-आजोबा, मावशी, शेजारची मुलं त्या चौघांत धरली जात नाहीत. त्यांची तिकिटं वेगळी. आणि खिडकीवर ‘चार तिकिटं द्या’ म्हटलं तर चार सुटी तिकिटंच हातात पडतात. ‘कुटुंबाचं एक तिकीट द्या’ असं नाव घेऊन मागा. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं तिकीट या बागेच्या तिकिटात नाही, ते निराळं काढायचं. ही इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं संग्रहालय आहे. बागेतले पेंग्विन आणि वाघ बघून मुलं दमण्याआधी, म्हणजे सकाळीच, तिथे जावं.

फोर्टला जाणार असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची जोड द्या. तिथे १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही आणि मोठ्यांचं तिकीट नाममात्र आहे. मोठ्या संग्रहालयात तीन तास घालवल्यावर मुलांना तिथे फक्त पाऊण तास न्यावं, त्याहून जास्त नाही.

आता कागद. मुलाचं वय सिद्ध करायला शाळेचं ओळखपत्र पुरेल असं सगळ्यांना वाटतं. तुमच्या मुलाचं ओळखपत्र एकदा हातात घेऊन नीट वाचा: नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, बसचा थांबा, पालकांचा मोबाईल. जन्मतारीख बऱ्याच ओळखपत्रांवर नसतेच. चौदा वर्षांचा उंच मुलगा बापाच्या खांद्याला लागला असेल तर खिडकीवाला वय विचारणारच. मुलाचं आधार डिजिलॉकरमध्ये किंवा फोनमध्ये ठेवा. मूळ कागद नेण्याची गरज नाही, झेरॉक्स तर कोणाला देऊच नका. दाखवलं की काम होतं.

ज्येष्ठांच्या बाबतीत वेगळीच अडचण येते. जुन्या आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारखेऐवजी फक्त जन्मवर्ष छापलेलं असतं. आजोबांना साठ वर्षं याच वर्षी पूर्ण होत असतील तर त्यावरून काही ठरत नाही. अशा वेळी पॅन कार्ड किंवा वाहन परवाना न्या, त्यावर तारीख पूर्ण असते. दिव्यांग व्यक्तीसाठी यूडीआयडी कार्ड न्या आणि सोबतच्या मदतनिसाचं तिकीट माफ आहे का, हे आवर्जून विचारा. आपणहून सांगणारे थोडे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या ओळखपत्रावर चालू शैक्षणिक वर्ष छापलेलं असावं. जूनमध्ये नवं कार्ड हातात येण्याआधी बाहेर पडायचं असेल तर प्रवेशाच्या फीची पावती किंवा बोनाफाईड सोबत घ्या.

शिक्षकांसाठी: पत्र नीट लिहा

शाळेच्या गटाची सवलत एका पत्रावर अवलंबून असते आणि बहुतेक नकार पत्रातल्या उणिवेमुळेच येतात. ‘आमच्या शाळेतील विद्यार्थी आपल्या संग्रहालयास भेट देऊ इच्छितात, तरी सवलत मिळावी’ एवढं लिहून मुख्याध्यापकांची सही घेतली की झालं, असं धरून चालतात. तेवढं पुरत नाही. पत्र शाळेच्या लेटरहेडवर असावं आणि त्यात हे सगळं असावं: शाळेचं पूर्ण नाव व पत्ता, अकरा अंकी यूडायस क्रमांक, शाळा महापालिकेची, जिल्हा परिषदेची, अनुदानित की खासगी, भेटीची तारीख आणि पोहोचण्याची वेळ, इयत्तेनुसार मुलगे-मुली यांची संख्या, सोबतच्या शिक्षकांची नावं, बसची संख्या, एका जबाबदार शिक्षकाचा मोबाईल, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. विषयाच्या ओळीत ‘शालेय गटासाठी सवलतीच्या दराने प्रवेश’ असं स्पष्ट लिहा.

शाळेचा प्रकार लिहायला विसरू नका. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी काही ठिकाणी आणखी कमी दराचा रकाना असतो. पत्रात तो उल्लेख नसेल तर तुमची शाळा सरसकट खासगी शाळांच्या दरात धरली जाते. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेची शाळा असेल तर शाळा क्रमांकही घाला. पण मुंबई महापालिकेची एखादी माफी फक्त तिच्या स्वतःच्या शाळांना असू शकते. ‘महापालिका शाळा’ एवढ्यावर ती आपल्याला लागू होईल असं गृहीत धरू नका, फोनवर विचारा.

पत्राच्या तीन प्रती करा. एक ईमेलने आधी पाठवा आणि उत्तर आलं की त्याची छापील प्रत काढा. दुसरी प्रत त्या दिवशी खिडकीवर द्यायची. तिसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती शाळेच्या फाईलला लावायची. ईमेलला उत्तर आलं नाही तर चार दिवसांनी फोन करा. खिडकीवरचा कर्मचारी तुमचा ईमेल उघडून बघत नाही, त्याला कागद लागतो.

मुलांची संख्या नेमकी लिहायची की अंदाजाने, हा नेहमीचा पेच आहे. ४८ मुलांची नावं असली तरी सकाळी दोन-तीन जण गळतातच. पत्रात ‘अंदाजे ४८’ लिहा आणि तिकिटं मात्र गेटबाहेर डोकी मोजून मगच काढा. आधी ऑनलाइन काढलेल्या तिकिटांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. गटाची किमान संख्या २५ असेल आणि तुमची मुलं २६ असतील तर सावध राहा; दोघं गैरहजर राहिले तर अख्खा गट सुट्या दरात जाईल. अशा वेळी दुसऱ्या तुकडीची सात-आठ मुलं आधीच जोडून घ्यावीत.

खासगी क्लास, पाळणाघर किंवा सोसायटीची मुलं म्हणजे शाळा नव्हे. घोडबंदर किंवा खारघरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीतून साठ मुलं निघाली तरी शालेय दर मिळेलच असं नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवांची सही घेऊन ‘गट भेट’ म्हणून आधी विचारावं. नोंदणीकृत संस्था असेल तर नोंदणी क्रमांक घालावा. खोटंच शाळेचं नाव घालून पत्र नेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, उद्या त्या शाळेचं खरं पत्र अडेल.

एकट्या शिक्षकाला उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे पूर्वभेट. मुलांना नेण्याआधी शिक्षकाने संग्रहालय बघून जाणं ही गरज आहे, चैन नव्हे: कोणतं दालन कोणत्या धड्याशी जुळतं, स्वच्छतागृह कुठे आहे, डबा खायची जागा कुठे, बस कुठे थांबते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय या दोन्ही ठिकाणी शिक्षणाचं काम बघणारा विभाग आहे. त्या विभागाला लिहा, गटाची तारीख कळवा आणि एक-दोन शिक्षकांना पूर्वभेटीसाठी प्रवेश मिळेल का, हे त्याच पत्रात विचारा. गटाची तारीख ठरलेली असेल तर अशा विनंतीला वजन येतं. शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात का, तेही विचारून ठेवा.

शनिवारी स्वतःच्या मुलांना घेऊन गेलात तर तुम्ही शिक्षक नसून पालक असता. तेव्हा वरचा वयाचा हिशेबच लागू.

तिथपर्यंत पोहोचताना

लोकलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा वयात अर्धं. रविवारी निघणार असाल तर शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघा, मेन, हार्बर आणि ट्रान्स-हार्बर तिन्हींचा. संग्रहालयाच्या तिकिटात वाचवलेले पन्नास रुपये वाशीहून टॅक्सी केली की कुठल्या कुठे जातात.

नवी मुंबईकरांनी भायखळ्याचा रस्ता नीट समजून घ्यावा. हार्बरच्या गाड्या भायखळ्याला जातच नाहीत. कुर्ल्याला उतरून मेन लाईनची गाडी धरा, किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून उलट एक स्टेशन मागे या. लहान मुलं असतील तर कुर्ल्याच्या पुलाची गर्दी टाळून दुसरा मार्ग बरा. ठाण्याहून भायखळ्याला फास्ट लोकल थेट आहे. वस्तुसंग्रहालयासाठी सीएसएमटीला उतरून बस घ्या, किंवा भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक गाठा. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रासाठी ठाणेकरांनी दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरावं. ते केंद्र होळी आणि दिवाळी सोडली तर वर्षभर उघडं असतं, त्यामुळे सोमवारी सुट्टी मिळालेल्यांना सोयीचं.

शाळेचा गट लोकलने नेणं टाळावं. बस करायची असेल तर खासगी बसचा भाव काढण्याआधी जवळच्या एसटी आगारात शैक्षणिक सहलीच्या सवलतीची चौकशी करा. ती तिकिटाच्या सवलतीपेक्षा कितीतरी मोठी असते. पालकांची संमतीपत्रं आणि शिक्षण विभागाची परवानगी या गोष्टी संग्रहालयाच्या पत्राहून वेगळ्या, त्या आधी हातात हव्यात.

खिडकीपाशी

गट घेऊन गेलात तर एकाच शिक्षकाने खिडकीवर जावं, बाकीच्यांनी मुलांना ओळीने बाजूला बसवावं. पत्र, ईमेलची छापील प्रत, मोजलेली अंतिम संख्या एका चिठ्ठीवर, आणि पैसे. यूपीआय चालत असलं तरी तेवढी रोख जवळ असू द्या. जुन्या दगडी इमारतींच्या आत नेटवर्क जातं. पावती शाळेच्या नावाने मागा आणि तिच्यावर मुलं व शिक्षक यांची संख्या वेगवेगळी लिहिली आहे का, ते तिथेच बघा. सहलीचा हिशेब देताना ही पावतीच लागते.

संग्रहालय, प्राणिसंग्रहालय आणि संरक्षित स्मारकं यांच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही. खासगी अ‍ॅपवरून तिकीट काढताना कर दिसला तर तो बहुधा अ‍ॅपच्या सेवाशुल्कावरचा असतो. चार तिकिटांवर ते शुल्क सवलतीएवढं होत असेल तर खिडकीवर जाणंच स्वस्त.

मोफत दिवसांचाही विचार करा. ८ मार्चला महिलांना आणि १८ एप्रिलला, म्हणजे जागतिक वारसा दिनी, सगळ्यांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट माफ असल्याचे आदेश गेल्या काही वर्षांत निघाले आहेत. पण वार बघून जा: २०२७ मध्ये ८ मार्च सोमवारी येतो आणि सोमवारी घारापुरी बंद. शिवाय पंधरा वर्षांखालची मुलं एरवीही मोफतच असतात, तेव्हा चाळीस रुपयांसाठी त्या दिवसाच्या गर्दीत लहान मुलांना नेऊ नये. ठाणे जिल्ह्यातच, अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर वर्षभर विनातिकीट बघता येतं आणि त्यावरचं शिल्पकाम मुलांना जवळून दाखवता येतं.

एखाद्या संग्रहालयात वर्षातून तीन-चारदा जाणं होत असेल तर तिथे वार्षिक सदस्यत्व आहे का बघा. सदस्यत्वाच्या रकमेला घरातल्या सगळ्यांच्या एका भेटीच्या खर्चाने भागा. उत्तर तीनच्या आत आलं तर घ्यावं, पाचच्या वर गेलं तर सोडून द्यावं. मुलं पाचवी ते आठवीत असताना ते सगळ्यात जास्त वसूल होतं. दहावीच्या वर्षी घेऊ नका.

आणि सगळे कागद असूनही सवलत नाकारली तर खिडकीवर वाद घालू नका, मागे रांग असते. कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याला भेटायचं आहे असं सांगा आणि दरफलकावरची ती ओळ त्यांना दाखवा. तरीही जमलं नाही तर पूर्ण दराचं तिकीट काढून पावती जपा, फलकाचा फोटो घ्या आणि त्याच संध्याकाळी पत्राच्या प्रतीसह संस्थेला ईमेल करा. पुढच्या वर्षीच्या गटाला त्या ईमेलचं उत्तर सोबत नेता येतं.